आकाशगंगेच्या नकाशात शाई कुठे आणि पेन्सिल कुठे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान दिनाच्या पुरवणीत पहिल्याच पानावर आकाशगंगेचे रंगीत चित्र आहे. मधोमध पिवळसर आडवा पट्टा, त्याच्या दोन टोकांपासून निघून गोल वळत गेलेल्या निळसर भुजा, आणि एका आखूड फाट्यावर बाण काढून लिहिले आहे, ‘आपला सूर्य इथे’. चित्राखाली ओळ आहे, ‘आपल्या आकाशगंगेचे छायाचित्र’. माझे पत्र या ओळीतल्या शेवटच्या शब्दाबद्दल आहे.

असे छायाचित्र जगात कोणाकडेच नाही. आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद. (प्रकाश वर्षभरात जेवढे अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष.) ती वरून सबंध दिसायची तर कॅमेरा हजारो प्रकाशवर्षे बाहेर न्यावा लागेल. माणसाने सर्वांत दूर धाडलेले व्हॉयेजर १ हे यान १९७७ साली निघाले आणि अजून ते जेमतेम एका प्रकाशदिवसाच्या अंतरापाशी आहे. आपण छापलेले चित्र मी ओळखतो. ‘नासा’च्या स्पिट्झर या अवकाशातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून रॉबर्ट हर्ट यांनी ते काढले, २००८ साली ‘नासा’ने प्रसिद्ध केले, आणि तेव्हाच ते चित्रकाराने काढलेले आहे असे सोबत स्पष्ट लिहिले होते. आपल्या पानावर येईपर्यंत ती ओळ गळाली.

एका शब्दासाठी एवढे लांब पत्र का, ते सांगतो. मी ३४ वर्षे भूकरमापक होतो. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका गावात दोन सख्ख्या भावांच्या वाटणीची मोजणी माझ्याकडे आली. ओढ्याकडची हद्द जुन्या नकाशावर ठसठशीत शाईत होती. मी तिच्याप्रमाणे खुणा दाखवल्या आणि पुढच्या गावाला गेलो. वर्षभराने जुनी टिपणे चाळायची वेळ आली तेव्हा दिसले, की त्या बाजूला कोणी साखळी टाकलीच नव्हती. ओढ्याला पाणी असेल, काटेरी असेल, काय असेल ते असो. मोजणाऱ्याने ती रेषा नजरेने ओढली होती आणि वर शाई फिरवली होती. तोवर थोरल्या भावाने त्या रेषेच्या आत विहीर खणली होती. त्यांची अकरा वर्षे कोर्टात गेली. मी तीनदा साक्षीला गेलो आणि तिन्ही वेळा धाकट्या भावाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत न मोजलेली रेषा मी शाईत काढली नाही. ती तुटक ठेवायची आणि समासात ‘मोजणी नाही’ असे लिहायचे.

म्हणून आपले चित्र पाहताना पहिला प्रश्न हाच आला, की यातली कोणती रेषा कोणी मोजली आणि कशाने मोजली? निवृत्तीनंतर बारा वर्षे मी याच प्रश्नाच्या मागे आहे. उत्तर मला कुठल्याही छायाचित्रापेक्षा मोठे वाटते, आणि ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे अशी फार इच्छा आहे.

आपण आकाशगंगेच्या आत आहोत. ऊस डोक्याच्या वर गेला आहे, आपण उसाच्या मध्येच उभे आहोत, आणि तिथूनच शेताचा आकार सांगायचा आहे, तशी ही मोजणी. विल्यम हर्शेल यांनी १७८५ साली इंग्लंडमध्ये दिशादिशांचे तारे मोजून पहिला नकाशा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यात आला. उसात उभ्या असलेल्या माणसाला चहूकडे सारखाच ऊस दिसतो आणि आपणच शेताच्या मधोमध आहोत असे वाटते, तसेच ते झाले. ताऱ्यांमधल्या जागेत धूळ आहे आणि ती लांबचा प्रकाश अडवते, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी पक्के दाखवले ते थेट १९३० साली. मात्र त्याआधी १९१८ मध्ये हार्लो शॅपली यांनी एक युक्ती केली. त्यांनी ऊस सोडून दिला आणि उसाच्या वर डोके काढणारी झाडे पाहिली. ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ तबकडीच्या वरखाली विखुरलेले असतात, तिथे धूळ कमी. हे गुच्छ धनु राशीच्या बाजूला दाटलेले आहेत. अर्थात मध्य तिकडे, आणि आपण कडेच्या बाजूला. आजच्या मोजणीने सूर्य मध्यापासून सुमारे २६,५०० प्रकाशवर्षांवर आहे.

मध्य सापडला तरी भुजा सापडल्या नव्हत्या. दुसऱ्यांच्या भुजा दिसत होत्या. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ सालीच आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून एका दीर्घिकेचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या ताऱ्यांच्या वसाहतीचे, सर्पिल वळण पाहून चितारले होते. आपल्या घराला तसे वळण आहे का, याचे उत्तर यायला आणखी १०६ वर्षे लागली. १९५१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत विल्यम मॉर्गन यांनी तरुण, निळ्या, अतितप्त ताऱ्यांभोवतीच्या चमकत्या वायुमेघांची अंतरे मांडून दाखवली. ठिपके दोन पट्ट्यांत पडले. एक आपल्या जवळचा, मृगाच्या नावाचा. दुसरा बाहेरच्या बाजूला, ययातीच्या नावाचा. सभेने टाळ्या वाजवल्या आणि पायही आपटले, असे नोंदलेले आहे. दोन अर्धवट तुकडेच होते ते, पण मोजलेले होते. मला त्या सभेत बसलेल्या लोकांचा हेवा वाटतो.

त्याच वर्षी २५ मार्चला हार्वर्डमध्ये हॅरॉल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर लाकडाचा, आतून तांब्याचा पत्रा लावलेला एक कर्णा बसवून हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर पकडली. अशी लहर असणार हे हेंड्रिक व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ साली, हॉलंड जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, कागदावर गणित करून सांगितले होते. या लहरीला धूळ अडवत नाही. उसातून आरपार दिसायला लागले म्हणा ना. १९५८ पर्यंत हॉलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणींच्या निरीक्षणांतून यान ऊर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीचा मोठा नकाशा काढला.

पण त्या नकाशात एक खोट होती, आणि ती कोणाही मोजणीदाराला लगेच कळेल. हायड्रोजनची लहर वायूची गती सांगते, अंतर सांगत नाही. आकाशगंगा कशी फिरते याचा अंदाज धरून गतीवरून अंतर काढावे लागते. सूर्याच्या कक्षेच्या आतल्या भागात एकाच दिशेला दोन जागा अशा निघतात, एक अलीकडची आणि एक पलीकडची, की दोन्हींची गती एकच येते. माप एक आणि जागा दोन. शिवाय वायू जरा वेडावाकडा धावला तरी सगळे अंतर चुकते. अशा मापावर मी कोणाच्या बांधाचा दगड रोवला नसता.

माझे गाव जुन्नर तालुक्यात, खोडदपासून लांब नाही. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आमच्या शिवारातच आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा मधल्या भागात, सोळा तीन दिशांना गेलेल्या तीन भुजांवर. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर तिच्याही पल्ल्यात येते. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असते आणि मी बहुतेक दरवर्षी जातो. एका वर्षी तिथल्या एका संशोधक मुलीला मी विचारले, की गतीवरून अंतर काढणे मला पटत नाही, कोणी सरळ मोजले आहे का? तिने माझ्याच पिशवीवर पेनाने त्रिकोण काढला. म्हणाली, “काका, तुमचे प्लेन टेबलच आहे हे, फक्त आधाररेषा तीस कोटी किलोमीटरची.”

ती पिशवी मी ठेवून दिली आहे. प्लेन टेबल म्हणजे मोजणीचा फलक. आम्ही तो दोन ठिकाणी मांडून तिसऱ्या झाडाकडे नजर लावायचो आणि दोन रेषा जिथे छेदतील तिथे झाड, असे ठरवायचो. इथे पहिले ठाणे जानेवारीतली पृथ्वी आणि दुसरे जुलैतली. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, आणि जवळची वस्तू दूरच्या वस्तूंच्या मानाने किंचित सरकलेली दिसते. हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ डिश एकत्र जोडून हे सरकणे मोजतात. तारे जन्मत असलेल्या मेघांमध्ये पाण्याच्या वाफेचे आणि मेथेनॉलचे अतिशय प्रखर रेडिओ ठिपके असतात, त्यांच्यावर नजर लावतात. २००६ साली ययाती भुजेतल्या अशा एका मेघाचे अंतर या रीतीने आले सुमारे ६,४०० प्रकाशवर्षे. त्याचे सरकणे एवढे बारीक, की पाच हजार किलोमीटरवर धरलेले अडीच सेंटिमीटरचे नाणे जेवढे दिसेल तेवढे. आणि गतीवरून काढलेले जुने अंतर याच्या दुपटीहून जास्त होते! बांध दुप्पट लांब दाखवला होता. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही, मला ते भाऊ आठवत राहिले.

तेव्हापासून मी एक नकाशा काढायला घेतला. एक सेंटिमीटरला एक हजार प्रकाशवर्षे असे प्रमाण. सबंध तबकडी एक मीटर रुंद येते. मध्यापासून साडेसव्वीस सेंटिमीटरवर सूर्याचा ठिपका. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुतेक सगळे तारे त्या ठिपक्याभोवती तीन-चार सेंटिमीटरच्या वर्तुळात मावतात. व्हॉयेजर तर ठिपक्याच्या शाईतून बाहेरच पडत नाही.

या कागदावर ज्याचे अंतर त्रिकोणाने मोजले गेले आहे, ते मी शाईत घातले. २०१९ पर्यंत मार्क रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुमारे दोनशे मेघ मोजले. ठिपके घालत गेल्यावर रेषा आपोआप दिसू लागल्या. सूर्याच्या बाहेर ययाती भुजा, आत धनु भुजा, तिच्याही आत ढाल आणि नरतुरंग या तारकासमूहांच्या नावाची भुजा. मधल्या जागेत आपण. आपल्या जागेला आधी ‘फाटा’ म्हणत, बिनमहत्त्वाचा तुकडा समजत. मोजल्यावर तो वीस हजार प्रकाशवर्षांहून लांब निघाला, माझ्या कागदावर वीस सेंटिमीटरच्या वर. मला घरचा बांध लांब निघाल्याचा आनंद झाला. आपल्या चित्रातला सूर्याचा फाटा मात्र अजून २००८ सालचा, आखूड आहे.

घराच्या उंबऱ्याशी काय आहे तेही उशिरा कळले. मृगातल्या तेजोमेघासकट अनेक मेघ मिळून सुमारे ९,००० प्रकाशवर्षे लांबीची एक लाटेसारखी वरखाली जाणारी माळ आहे, हे २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. ‘रॅडक्लिफ लाट’ म्हणतात तिला. तिचा सर्वांत जवळचा भाग आपल्यापासून सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर, माझ्या कागदावर अर्ध्या सेंटिमीटरवर. युरोपच्या गाया यानाने १८० कोटींहून अधिक तारे मोजले, त्याशिवाय ती दिसली नसती. ते यान २०२५ च्या मार्चमध्ये बंद केले, पण त्याने आणलेल्या टिपणांवर काम चालूच आहे.

मध्याच्या पलीकडे माझ्या कागदावर शाई फार थोडी आहे. २०१७ साली आपल्यापासून सुमारे ६६,००० प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे मध्याच्याही मागे गेलेला एक मेघ याच त्रिकोणाने मोजला गेला. त्या एका ठिपक्यासाठी मी नवी निब घातली. दक्षिणेकडेही, त्रिशंकू, नरतुरंग आणि नौकातल या दिशांना, शाई थोडीच आहे. या मोजण्या मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या डिशनी केल्या, त्यामुळे दक्षिणेकडचा हा मोठा पाचर मोकळा राहिला. तिथल्या भुजा अलीकडच्या तुकड्यांचे वळण तसेच पुढे नेऊन काढतात. वळण पुढे नेणे चूक नाही, आम्हीही करायचो. पण ते तुटक रेषेने.

आता वाचक विचारतील, भुजा किती? याचे उत्तर कशाची मोजणी करता त्यावर आहे. स्पिट्झरच्या निरीक्षणांत रॉबर्ट बेंजामिन यांनी सुमारे ११ कोटी तारे मोजले. भुजेच्या कडेला स्पर्शून नजर जाते तिथे तारे वाढलेले दिसायला हवेत. ढाल–नरतुरंग भुजेवर ते वाढले, धनु भुजेवर वाढले नाहीत. म्हणून २००८ मध्ये दोनच मोठ्या भुजा सांगितल्या, आणि आपल्या चित्रात त्या दोन ठळक आहेत त्या त्यामुळेच. पण वायू आणि नवजात तारे मोजले तर चार येतात. २०२३ मध्ये चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेच्या संशोधकांनी मांडले, की आत दोन भुजा असाव्यात आणि बाहेर जाता जाता त्यांना फाटे फुटत असावेत. जुन्या ताऱ्यांची मोजणी आणि नव्यांची मोजणी वेगळी येते, यात मला गोंधळ वाटत नाही. एकाच शिवाराचा मातीचा नकाशा वेगळा असतो आणि पिकाचा वेगळा.

चित्राने आणखी एक चुकीची समजूत होते, ती मला जास्त बोचते. भुजांच्या मधल्या जागा चित्रात काळ्या आहेत. वाचकाला वाटते तिथे काही नाही. तिथेही तारे आहेत, भुजेतल्यापेक्षा थोडेच कमी. भुजा उठून दिसते कारण तिथे वायू दाटतो, त्यातून प्रचंड तेजस्वी निळे तारे जन्मतात, आणि ते पन्नास लाख, एक कोटी वर्षांत जळून संपतात. जन्मगाव सोडायला त्यांना वेळच मिळत नाही. सूर्यासारखे संथ जळणारे तारे मात्र भुजांतून आत-बाहेर करत फिरतात. सूर्य सेकंदाला सुमारे २३६ किलोमीटर वेगाने जातो आणि एक फेरी साधारण २१ कोटी वर्षांत पुरी करतो. जन्मापासून वीसहून अधिक फेऱ्या झाल्या. भुजा जर त्याच त्या ताऱ्यांची बनलेली असती तर आतले तारे लवकर फिरून पुढे गेले असते आणि एवढ्या फेऱ्यांत भुजा सुताच्या गुंडीसारखी घट्ट गुंडाळून गेली असती. १९६४ साली चिया-चियाओ लिन आणि फ्रँक शू यांनी म्हटले की भुजा ही लाट आहे. मीना नदीत पुलाखाली एक मोठा धोंडा आहे, त्याच्यामागे पाण्याचा उंचवटा कायम असतो. पाणी वाहून जाते, उंचवटा जागेवर. भुजा धोंड्याशी बांधलेली नाही, ती स्वतःच्या सावकाश गतीने फिरते, एवढा फरक. काही संशोधकांच्या मते भुजा विरतात आणि पुन्हा नव्याने उठतात. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे भुजेला बांध नसतो.

वाचकांना हे पाहताही येईल, त्याला दुर्बीण नको, फक्त गावाबाहेरचा अंधार हवा. मार्चच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसातला मृग डोक्याच्या आसपास असतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा धूसर ठिपका सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर. हा आपल्याच भुजेत. मग वायव्येला वळा. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या मध्ये एक लांबट धूसर डाग आहे, तो ताऱ्यांचा जोडगुच्छ, सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवर, ययाती भुजेत. पहाटे पाचला उठून आग्नेयेकडे धनु राशीत पाहिले तर तिथल्या तेजोमेघाचा ठिपका दिसेल, सुमारे ४,००० प्रकाशवर्षांवर, धनु भुजेत. एका रात्रीत तीन भुजा. पुरवणीत हे छापले असते तर किती घरांच्या गच्चीवर माणसे गेली असती!

आणि खरे छायाचित्रच हवे असेल तर तेही पुण्यातूनच मिळेल. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये दोन सुरेख भुजांची एक दीर्घिका शोधली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ते जाहीर झाले. महास्फोटानंतर अवघ्या दीडशे कोटी वर्षांनी ती तशी होती. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून तिच्या बहिणीचे, अलकनंदेचे नाव तिला दिले. ती बाहेर आहे, म्हणून तिचे छायाचित्र निघते.

माझ्या विनंत्या दोनच. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, की ते चित्र २००८ पर्यंतच्या निरीक्षणांवरून चित्रकाराने काढले आहे. आणि पुढे कधीही आकाशगंगेचे असे चित्र छापाल तेव्हा खाली मोजणीचे वर्ष द्यावे आणि न मोजलेला भाग तुटक रेषेने दाखवावा. आपल्या चित्रकारांना सोपे जावे म्हणून माझ्या नकाशाची एक प्रत सोबत पाठवत आहे. घडी पडू नये म्हणून नळीत गुंडाळली आहे. परत नको. दक्षिणेकडचा पाचर आणि मध्यामागचा भाग मी पेन्सिलने काढला आहे. कृपया त्यावर शाई फिरवू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक
ता. जुन्नर, जि. पुणे
(नाव छापू नये ही विनंती.)